सासूबाईंना रात्री अचानक दम लागला, सकाळी बरं वाटलं, तरी दवाखान्यात न्यायचं का?

दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव नको म्हणाल्या, म्हणून पत्रातलं मुख्य तेवढं सांगते. सासूबाई ५७ वर्षांच्या, दहाएक वर्षांपासून शुगर, बीपीची गोळी पण सुरू आहे पण ती कधी घेतली कधी राहिली. मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास त्या झोपेतून एकदम उठून बसल्या, श्वास पुरत नाही म्हणाल्या, दार उघडून ओट्यावर जाऊन बसल्या, एवढ्या थंडीत अंगाला दरदरून घाम. छातीत दुखलं नाही, पण पाठीत आणि जबड्यात भरून आल्यासारखं झालं. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, "गॅस असन, सकाळी पाहू" म्हटलं. पहाटेपर्यंत बरं वाटलं. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावली, ती चालू असतानाच दम अजून वाढला म्हणून अर्ध्यातच काढली. तेव्हापासून वावरात जाताना मधात दोनदा थांबावं लागते, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी पायातल्या तोरड्या रुतून राहतात. ताईंचे मालक म्हणतात कापसाची वेचणी आटोपली की नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू, शेजारच्या काकू म्हणतात जन्मभर चुलीपुढं बसली, दमाच आहे. आणि ताईंनी शेवटी लिहिलंय, "मॅडम, काय झालं ते नंतर पाहू, मले फक्त एवढं सांगा का कधी न्यायचं."

ताई, आज न्या. वेचणी झाल्यावर नाही, रविवारी नाही, आज. आणि नागपूरची वाट पाहू नका, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आधी न्या, तिथं ईसीजी निघतो, बीपी-शुगर पाहतात, ऑक्सिजन लागला तर लावतात, आणि पुढं पाठवायचं असलं तर तेच यवतमाळच्या मेडिकलला पाठवतील. पहिला ईसीजी निघायला दहा मिनिटं लागतात, त्यासाठी एवढ्या लांब नागपूरला जायची काहीच गरज नाही.

तुम्ही प्रश्न अगदी बरोबर विचारला. कारण गावात काय होते की दम लागला की सगळे जण आधी नाव शोधत बसतात, गॅस आहे का, दमा आहे का, अशक्तपणा आहे का, कोणाची नजर लागली का, आणि या नावाच्या भानगडीत रात्र निघून जाते. अचानक दम लागण्याची कारणं डझनभर आहेत आणि त्यातली अर्धी तर डॉक्टरलाही नुसतं पाहून सांगता येत नाहीत, तपासण्या कराव्या लागतात. पण किती घाई करायची हे मात्र घरातल्या कोणालाही पाहून ठरवता येते. तेवढंच तुमचं काम. नाव ठेवायचं काम दवाखान्याचं.

आता सासूबाईंबद्दल. मी त्यांना तपासलं नाही, त्यामुळं हेच आहे असं म्हणणार नाही, पण तुम्ही जे लिहिलं ते एकाच दिशेला बोट दाखवते, ती दिशा म्हणजे हृदय. वावरातली मोटर कमी ताकदीनं ओढायला लागली की विहिरीत पाणी चढत जाते, तसंच हृदयाची डावी बाजू कमजोर पडली की रक्त पुढं नीट ढकललं जात नाही, मागं फुफ्फुसात तुंबते आणि तिथं पाणी झिरपायला लागते. दिवसा उभं-बसलेलं असलं की पाणी पायात उतरते म्हणून तोरड्या रुततात, रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येते, हृदयावर लोड वाढतो आणि झोपल्यावर दोन-तीन तासांनी माणूस गुदमरून उठतो, उठून बसला, ओट्यावर गेला, पाय खाली सोडले की हळूहळू बरं वाटायला लागते. म्हणून त्यांना पहाटे बरं वाटलं. सोड्यानं नाही, ओव्यानं नाही, बसल्यानं. आजार जिथल्या तिथंच आहे आणि दोन उशा, थांबत थांबत चालणं, पायावर सूज, हे सगळं तो दररोज सांगून राहिला आहे.

सलाईनचं पण आता समजलं असन. फुफ्फुसात आधीच पाणी भरत असताना शिरेतून अजून पाणी सोडलं तर दम वाढणारच. आपल्याकडं सलाईनवर फार विश्वास आहे, पेशंटच मागतात, "एक बाटली लावून द्या, ताकद येईन", आणि नाही लावली तर डॉक्टर बरा नाही म्हणतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असलं तर सलाईन जीव वाचवते, पण दम लागलेल्या माणसाला, त्यातही पायावर सूज असलेल्या माणसाला, तपासणी न करता सलाईन लावू देऊ नका. हात जोडून सांगते, नाही म्हणा. डॉक्टरचा अपमान होत नाही त्यात.

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची. त्या रात्रीचा घाम, जबडा, पाठ. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं छातीला हात लावून पडणारा माणूस येतो, पण ज्यांना बरेच वर्षांची शुगर आहे त्यांच्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही असं पुष्कळदा होते, नुसता अचानक दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, गळाल्यासारखं होते. बायकांमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांमध्येही हे जास्त दिसते. त्या रात्री छोटा अटॅक येऊन गेला का, हे आता ईसीजी, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढते) आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यातूनच कळेल. ट्रोपोनिन काही दिवसांनी उतरते, त्यामुळं जितका उशीर तितकं कळणं कठीण. आणि एक ईसीजी चांगला आला तर "काही नाही" म्हणून घरी परत येऊ नका, पहिला ईसीजी नॉर्मल असूनही अटॅक असू शकतो, थोड्या वेळानं परत काढायचा का ते विचारा, आणि टूडी इको कुठं होईन ते पण विचारा.

डॉक्टरपुढं गेल्यावर "गॅस झाला होता" असं सांगू नका, हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही गॅस म्हटलं की गर्दीच्या ओपीडीत गॅसची गोळी मिळते आणि तुम्ही घरी. असं सांगा: रात्री झोपेतून दम लागून उठल्या, घाम आला, जबड्यात-पाठीत भरून आलं, शुगर आहे, आडवं झोपता येत नाही, सलाईननं दम वाढला. एवढी वाक्यं सांगितली की कोणताही डॉक्टर खुर्चीतून उठन. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, नुसतं नाव आठवते म्हणू नका, पाकिटंच न्या. गावातल्या डॉक्टरांनी कोणतं इंजेक्शन दिलं ते कागदावर लिहून मागा, ते देत नसतील तर रिकामी बाटली-शिशी असली तर ती न्या.

आज नेईपर्यंत किंवा आणल्यानंतरही रात्री परत तसंच झालं तर काय करायचं ते आता नीट वाचा, आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, विशेष करून मालकांना. पहिलं, आडवं करू नका. लोक घाईघाईत बाजेवर लोटून देतात, पाय वर करतात, ते उलटं आहे. भिंतीला टेकवून किंवा खुर्चीत सरळ बसवा, पाय खाली सोडू द्या, लुगडं-परकराची गाठ सैल करा, दार-खिडकी उघडा, आणि भोवती जमलेल्या बायकांना बाहेर काढा, त्या गर्दीत धडधाकट माणसालाही जीव घाबरल्यासारखं होते. दुसरं, लगेच १०८ ला फोन करा. आपल्या महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे, गाडीत ऑक्सिजन असतो आणि डॉक्टर असतात. फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका, कोणत्या फाट्यावरून वळायचं, मंदिर का शाळा का ग्रामपंचायत, ते सांगा आणि एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा, कारण रात्री गाडी फाट्यावरून पुढं निघून गेली असं होत राहते. घरात नेटवर्क कुठं मिळते ते आजच पाहून ठेवा. गाडीला उशीर होईन असं समजलं तर गावातली चारचाकी काढा, पण मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेऊ नका, दम लागलेला माणूस मधातच मान टाकतो आणि मागच्याला कळतही नाही. आणि गाडीपर्यंत चालवू नका, प्लास्टिकच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून न्या. चार पावलं चालल्यानं काय होते असं वाटते, पण अशा वेळी तेवढी मेहनतसुद्धा हृदयाला झेपत नाही.

पाणी, चहा, सोडा, काहीच पाजू नका. छातीला बाम चोळणं, कापूर हुंगवणं, ओव्याची धुरी देणं हे तर नकोच, धुरानं उलट वाढते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बरेच लोक मोबाईलवरचे मेसेज वाचून घरात ठेवतात, ती डॉक्टरांनी या माणसासाठी लिहून दिली नसली तर देऊ नका, बीपी एकदम पडू शकते. ॲस्पिरिनचं तसंच, अटॅकमध्ये ती चावून खाल्ल्यानं फायदा होतो हे खरं, पण ज्याला अल्सर आहे, रक्तस्राव झालेला आहे किंवा त्या गोळीनंच दमा उठतो त्याला ती घातक, म्हणून १०८ वरच्या डॉक्टरला फोनवर विचारून त्यांनी हो म्हटलं तरच.

हे झालं तुमच्या घरचं. पण असंच विचारणारी बरीच पत्रं असतात म्हणून बाकीच्यांसाठी पण थोडं लिहिते, कारण दम लागण्याची कारणं आपल्या भागात जरा वेगळी पण आहेत.

घाई केव्हा, ते आधी. बसल्या जागी दम लागला असन, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसन, दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत असन, ओठ-नखं निळसर पडली असतील, छातीत दाटलं-दुखलं असन, घाम येत असन, भोवळ आली असन, माणूस बरळत असन किंवा सुस्त पडत असन, खोकल्यात रक्त किंवा गुलाबी फेस येत असन, यातलं एक जरी दिसलं तरी १०८, विचार करायचा नाही. सुस्त पडणं तर सगळ्यात वाईट, लोक म्हणतात "आता शांत झोपला", आणि प्रत्यक्षात तो थकून श्वास सोडून देत असतो. बसल्यावर ठीक आहे पण नेहमीचं काम करताना नव्यानं दम लागायला लागला, पायऱ्या, हापशी, वावराचा रस्ता, किंवा दोन उशा लागायला लागल्या, तर त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. ताप आणि खोकल्यासोबत दम असला तर तेच, त्याच दिवशी.

श्वास मोजणं फार सोपं आहे आणि फार कामाचं आहे. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट पोट-छाती वर किती वेळा येते ते मोजा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात, पंचविसाच्या वर गेले तर गंभीर समजा, तीसच्या वर गेले तर धावपळ करा. लेकरांचे जास्त असतात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनिया समजून लगेच न्यायचं, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असन, अंगावर पीत नसन, तर मोजत पण बसू नका. हे काही मोठ्या मशीनचं काम नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्या दायांना, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना, मण्यांच्या साध्या साधनावर लेकरांचे श्वास मोजायला शिकवलं होतं आणि न्यूमोनियानं मरणारी लेकरं कमी झाली, १९९० साली ते जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दायांना जमलं ते तुम्हाला मोबाईलच्या घड्याळावर नक्कीच जमते. पण लेकराला धाप लागली की "डब्बा झाला" म्हणून पोटावर चटके देणं अजूनही कुठं कुठं चालते, ते करू नका हो, त्या लेकराला आधीच श्वास पुरत नसतो.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनात बऱ्याच घरात आलं, आशाताईकडं किंवा उपकेंद्रातही मिळन. ९५ च्या वर असलं तर ऑक्सिजन ठीक, ९४ च्या खाली राहत असलं तर दवाखान्यात दाखवायचं, ९० च्या आसपास किंवा खाली गेलं तर लगेच. फक्त मेहंदी, नेलपॉलिश, थंडगार बोटं यानं आकडा चुकतो, हात चोळून गरम करून परत पाहा. आणि आकडा ९८ आला म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी ठेवू नका, हार्ट अटॅकमध्ये, रक्त फार कमी असताना, आकडा चांगला असू शकतो. मशीनपेक्षा माणसाकडं पाहा.

आता कारणं. फवारणीचं पहिले सांगते कारण २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले आणि शेकडो भरती झाले. फवारून आलेल्या माणसाला दम लागला, तोंडाला लाळ-फेस, डोळ्याला पाणी, बाहुली टाचणीएवढी बारीक, अंग थरथरते, घाम, उलटी, तर ते ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. कपडे काढा, साबणानं अंग-केस धुवा, धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला, आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या, कारण कोणतं विष त्यावर उपचार ठरतो. दूध-तूप पाजून उलटी करवू नका, ते फुफ्फुसात जाते.

सापाचं पण यातच येते हे पुष्कळांना माहीत नसते. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, आवाज जाड होतो, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वास मंद पडत जातो. पावसाळ्यात असं काही दिसलं तर साप पाहिला नसला तरी थेट दवाखाना, मांत्रिक नाही. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडं आणि इकडंही बरीच आहेत. सिकलसेलच्या माणसाला ताप, छातीत दुखणं आणि दम एकत्र आलं तर घरच्या दुखण्याच्या गोळ्यांवर एक रात्रही काढू नका, फुफ्फुसातली ही भानगड काही तासांत हाताबाहेर जाते. भरती करा, आणि सिकलसेलचं कार्ड सोबत ठेवा.

पायाला प्लास्टर आहे, ऑपरेशन होऊन पडून आहे, नुकतीच बाळंत झाली आहे आणि एकाच पायाच्या पोटरीला सूज-दुखणं येऊन एकदम दम लागला, खोल श्वास घेतला की छातीत टोचते, तर पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली असू शकते, ते पण १०८ चंच काम. पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत थोडी धाप लागते ते साधारण असते, पण आडवं झोपता येत नसन, किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत-महिन्यांत दम वाढत असन, तर बाळंतपणाचा थकवा म्हणू नका, त्या काळात हृदय कमजोर होण्याचा आजार असतो आणि तो वेळेत धरला तर बऱ्याच बाया बऱ्या होतात. आपल्या बायांचं रक्तही कमी असते, हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेली बाई निंदण करत असते, तिलाही दम लागतो, ते हळूहळू वाढते म्हणून लक्षात येत नाही. आणि मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखादं औषध घेतल्यावर काही मिनिटांत अंगावर पित्त उठून, तोंड सुजून दम लागला तर जवळ जो दवाखाना असन तो गाठा, प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असते आणि तेच जीव वाचवते.

राहिला दमा. काकूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जाळून जन्म काढलेल्या बायांची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी खराब होतात, आणि सोयाबीन-हरभऱ्याच्या काढणीत थ्रेशरपुढं कुटाराच्या धुळीत उभं राहिल्यावर ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा तो उफाळतो. त्यात छातीत सूं सूं आवाज येतो, खोकला असतो, जुना इतिहास असतो. पण हृदयाच्या दमातही असाच आवाज येऊ शकतो, म्हणून सत्तावन्नव्या वर्षी पहिल्यांदा रात्री उठलेला दम हा दमाच आहे हे घरी बसून ठरवू नका. ज्यांना खरंच दमा आहे त्यांनी पंपाला, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधाला, घाबरू नये, पंपाची सवय लागते हे खोटं आहे, पंपातलं औषध गोळी-इंजेक्शनपेक्षा कितीतरी कमी असते आणि सरळ फुफ्फुसात जाते. पंप घेऊनही बोलता येत नसन किंवा तो नेहमीपेक्षा घडीघडी लागत असन, तर मात्र थांबायचं नाही.

आणि जीव घाबरणं. टेन्शननं पण खरोखर दम लागतो, हाताला-ओठाभोवती मुंग्या येतात, आता मरतो असं वाटते, दहा-वीस मिनिटांत उतरते. कर्ज, नापिकी, घरातलं भांडण, मुलीचं लग्न, आपल्याकडं कारणं काही कमी नाहीत आणि त्याला नाटक म्हणणं हे क्रूर आहे, त्यावर उपचार आहेत. पण पहिल्यांदा असं झालं की ते टेन्शनच आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं असते, घरच्यांनी नाही. तरुण बाई असली की तिला "अंगात आलं" नाहीतर "नखरे" म्हणून सोडून देतात, आणि तिच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेली असते हे नंतर कळते. असं फार पाहिलं आहे मी, म्हणून एवढं रागावून लिहिते.

परत तुमच्याकडं येते ताई. पैशाचं तुम्ही लिहिलं नाही पण मालकांच्या डोक्यात तेच असन असं मला वाटते. सरकारी रुग्णालयात केसपेपर, तपासणी, भरती, यासाठी २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात पैसे घेत नाहीत. पुढं अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी सांगितली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड आजच पिशवीत टाका, नंतर कोणाला गावाकडं पळवावं लागते आणि दिवस जातो. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, सगळं त्यालाच विचारा, बाहेरच्या कोणाला पैसे देऊ नका.

मालकांना असं सांगा की कापूस चार दिवस बोंडातच राहिला तर फार तर थोडा खराब होईन, दोन मजूर जास्तीचे लागतील. सासूबाई स्वतःच "मले काही नाही झालं, वेचणीच्या वक्ताला कुठी जाता" म्हणतील, त्या पिढीच्या बाया म्हणतातच, त्यांचं ऐकू नका. त्यांना विचारायचं असलं तर "दवाखान्यात चलता का" असं विचारू नका, लुगडं बदला, गाडी आली आहे, असं सांगा.

दवाखान्यातून आल्यावर ईसीजीत आणि इकोत काय निघालं, कोणत्या गोळ्या दिल्या ते लिहून पाठवा. लघवी जास्त व्हायची गोळी दिली असन तर ती सकाळी घ्या, संध्याकाळी घेतली की रात्रभर उठावं लागते आणि मग माणूस गोळीच सोडून देतो. मीठ कमी करा, लोणचं-पापड-ठेचा सध्या बंद, आणि दररोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचून राहिलं आहे, परत दाखवायला न्या. वजनकाटा घरी नसला तर उपकेंद्रात आहे, आशाताईला सांगून ठेवा.